‘नाइट’मधले जी आणि एच कुठे गेले?



इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांत एक चूक दरवर्षी आणि जवळजवळ प्रत्येक वर्गात भेटते. रात्र या अर्थाचा ‘नाइट’ हा शब्द मुले एन-आय-टी-ई असा लिहितात. ‘लाइट’ लिहितात एल-आय-टी-ई आणि ‘फाइट’ लिहितात एफ-आय-टी-ई. शिक्षक लाल शाईने गोल करतात, गुण कापला जातो. मूल घरी जाऊन तो शब्द दहा वेळा लिहिते. पुढच्या चाचणीत ‘नाइट’ बरोबर येतो, पण ‘टाइट’ चुकतो. असे चार-पाच वेळा झाले की मुलाच्या मनात बसते की आपल्याला इंग्रजी जमणारच नाही. कधी कधी घरची माणसेही तेच म्हणू लागतात.

अशा मुलाने काय केले ते जरा पाहू. त्याने शब्द नीट ऐकला आणि ऐकला तसा लिहिला. देवनागरीत वाचायला-लिहायला शिकलेले मूल हेच करणार, कारण आपल्या लिपीने त्याला हीच सवय लावली आहे. त्याचा कान चांगला आहे. इंग्रजी स्पेलिंगसाठी कानाच्या जोडीला डोळाही लागतो, एवढे त्याला कोणीतरी सांगायला हवे. डोळ्याला सवय लावण्याचा सोपा मार्ग म्हणजे एकेकटा शब्द न घोकता सारखी अक्षरे असलेल्या, सारख्या लांबीच्या शब्दांचे कुटुंबच एकदम शिकणे. या अंकात अशा एकाच कुटुंबाची ओळख करून देत आहे.

पाच अक्षरांचे आठ शब्द

ज्या शब्दांच्या शेवटी आय-जी-एच-टी ही चार अक्षरे येतात आणि त्यांच्या पुढे फक्त एकच अक्षर असते, असे पाच अक्षरांचे शब्द घ्या. रोजच्या वापरातले शब्द आठच आहेत:

ई लावले की एट, म्हणजे आठ.
एफ लावले की फाइट, म्हणजे लढणे किंवा भांडण.
एल लावले की लाइट, म्हणजे उजेड. हलका असाही अर्थ.
एम लावले की माइट, म्हणजे बळ. ‘कदाचित’ अशा अर्थानेही येतो.
एन लावले की नाइट, म्हणजे रात्र.
आर लावले की राइट, म्हणजे बरोबर, उजवा, किंवा हक्क.
एस लावले की साइट, म्हणजे दृष्टी किंवा दृश्य.
टी लावले की टाइट, म्हणजे घट्ट.

इंग्रजीत अक्षरे २६. प्रत्येक अक्षर या शेपटापुढे लावून पाहा. बी लावले तर ‘बाइट’ होतो. त्याचा अर्थ समुद्रकिनाऱ्याचा मोठा आत वळलेला भाग. नकाशात ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला ‘ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइट’ शोधा, तो हाच. डी, एच आणि डब्ल्यू लावूनही शब्द होतात, पण ते जुने असून आता फारसे कोणी वापरत नाही. बाकी अक्षरे लावली तर रोजच्या वापरातला शब्द होत नाही. म्हणजे वहीचे एक पान भरले की हे कुटुंब पूर्ण झाले. शेपूट एकदाच पाठ करायचे, नंतर फक्त पहिले अक्षर बदलायचे. आठ स्पेलिंगांचे ओझे एकावर येते.

लिहिण्यात पाच, बोलण्यात तीन

‘नाइट’ बोलताना तीनच ध्वनी निघतात: न्, आइ आणि ट्. लिहिताना मात्र अक्षरे पाच. मधले जी आणि एच तोंडातून निघतच नाहीत. मुले विचारतात, ‘बोलायचे नाही तर लिहायचे कशाला?’ प्रश्न अगदी योग्य आहे.

आधी आपल्याच घरात पाहू. ‘ज्ञान’ हा शब्द घ्या. मराठीत आपण त्याचा उच्चार ‘द्न्यान’ असा करतो. आपल्या इंदूरात घराबाहेर पाऊल टाकले की तोच शब्द ‘ग्यान’ असा ऐकू येतो. लिहिणारे दोघेही ‘ज्ञ’च लिहितात आणि हा ‘ज्ञ’ मुळात ज् आणि ञ यांचा जोड आहे. तो मूळ उच्चार आज मराठीतही नाही आणि हिंदीतही नाही. ‘ऋषी’ला मराठी माणूस ‘रुषी’ म्हणतो आणि हिंदी बोलणारा ‘रिषी’. लिहिताना दोघांचाही ‘ऋ’. ‘भाषा’मधला ष आणि ‘आशा’मधला श बहुतेक जण सारखाच बोलतात, पण ‘भाशा’ लिहिले तर मराठीच्या बाईही गुण कापतात. म्हणजे बोलणे पुढे गेले आणि लिहिणे मागे राहिले, ही गोष्ट आपल्या भाषांतही घडते. इंग्रजीत ती फार जास्त घडली, एवढाच फरक.

जी-एचचा जुना आवाज

सुमारे हजार वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये रात्रीच्या या शब्दाचा उच्चार जवळपास ‘निख़्त’ असा होता. मधला आवाज घशाकडून घासून निघायचा, ‘ख़ास’ किंवा ‘ख़बर’ या शब्दांतल्या नुक्तावाल्या ख़सारखा. त्या काळी तो फक्त एच या अक्षराने लिहीत. सन १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर लेखनावर फ्रेंच वळणाचा प्रभाव पडला आणि पुढे या आवाजासाठी जी आणि एच ही जोडी रूढ झाली. तेव्हा ही अक्षरे मुकी नव्हती, स्पष्ट ऐकू येत होती.

सन १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टन याने लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधला पहिला छापखाना सुरू केला. पुस्तके छापली जाऊ लागली तशी स्पेलिंगे हळूहळू पक्की होत गेली. पण त्याच दोन-अडीचशे वर्षांत दक्षिण इंग्लंडमधल्या लोकांच्या बोलण्यातून हा घशातला आवाज निघून गेला. सन १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सन याचा प्रसिद्ध शब्दकोश आला, तोवर छापील रूप स्थिर झाले होते. सन १८२८ मध्ये अमेरिकेत नोआ वेब्स्टर याने आपला मोठा कोश काढला. त्याने ‘कलर’मधला यू काढून टाकला, पण ‘नाइट’मधल्या जी-एचला त्यानेही हात लावला नाही.

हा आवाज जगातून नाहीसा झाला, असे मात्र नाही. स्कॉटलंडच्या जुन्या बोलीत तो आजही ऐकू येतो. इंग्रजीची सख्खी बहीण असलेल्या जर्मन भाषेत तर या आठही शब्दांचे भाऊबंद तो आवाज सांभाळून आहेत. एटला आख़्ट, फाइटला फेख़्टेन, लाइटला लिख़्ट, माइटला माख़्ट, नाइटला नाख़्ट, राइटला रेख़्ट, साइटला ज़िख़्ट आणि टाइटला डिख़्ट. जर्मनीत तो लिहितात आणि बोलतातही. इंग्लंडमध्ये फक्त लिहितात.

‘आठ’ आणि ‘एट’ यांचे नाते

या कुटुंबाचे काही नातेवाईक आपल्या घरीही आहेत. सन १७८६ मध्ये सर विल्यम जोन्स यांनी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत सांगितले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतके साम्य आहे की त्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात. पुढे विद्वानांनी हे नाते नीट तपासले. इंग्रजीही त्याच घराण्यातली. त्यामुळे ‘एट’ हा आपल्या ‘अष्ट’चा भाऊ. ‘नाइट’ हा ‘नक्त’चा भाऊ. श्रावणात काही घरांत नक्त करतात, म्हणजे दिवसभर उपास करून रात्री जेवतात; तो हाच शब्द. ‘राइट’चे नाते ‘ऋजु’शी, म्हणजे सरळ. आपला ‘उजवा’ हा शब्दही ‘ऋजु’पासून आलेला मानतात, इंग्रजीतही ‘राइट’चा एक अर्थ उजवा हाच आहे. हलका या अर्थाचा ‘लाइट’ हा ‘लघु’चा नातेवाईक.

आता ‘अष्ट’कडे थोडे बारकाईने पाहा. संस्कृतात अष्ट, प्राकृतात अट्ठ आणि मराठीत आठ. मधले जोडाक्षर सुटले आणि त्याच्या बदल्यात आधीचा अ लांब होऊन आ झाला. सप्त, सत्त, सात आणि हस्त, हत्थ, हात यांचीही तीच गोष्ट. इंग्रजीत तसेच झाले. ‘निख़्त’मधला घशातला आवाज गेला आणि त्याच्या बदल्यात आधीची इ लांब होऊन ई झाली. नंतर १५व्या ते १७व्या शतकांच्या दरम्यान इंग्रजीतले सगळेच लांब स्वर बदलले आणि त्या ई-चा आइ झाला. असा ‘नाइट’ तयार झाला.

दोन्हीकडे आवाज पडला, दोन्हीकडे स्वर लांबला. फरक पुढे आहे. आपण बोलणे बदलल्यावर लिहिणेही बदलले आणि सरळ ‘आठ’ लिहू लागलो. इंग्रजांनी लिहिणे तसेच ठेवले. ‘नाइट’मधले जी-एच म्हणजे आपण ‘आठ’ बोलत असूनही कागदावर ‘अष्ट’च लिहीत राहण्यासारखे आहे. ज्या मुलाला सप्त-सात आणि हस्त-हात यांचे नाते मराठीच्या तासाला समजले आहे, त्याला इंग्रजीचे हे कोडे दोन मिनिटांत उलगडते. मातृभाषेचा तास इंग्रजीच्या आड येतो असे ज्यांना वाटते, त्यांनी या उदाहरणाचा जरूर विचार करावा.

कुटुंबातला वेगळा भाऊ

आठ शब्दांपैकी सातांचा उच्चार ‘आइट’ असा होतो. फक्त ‘एट’ वेगळा. कारण त्यात पहिले ई आणि दुसरे आय मिळून एक स्वर तयार करतात. म्हणून तो दिसायला या कुटुंबातला असला तरी आवाजाने ‘वेट’ म्हणजे वजन आणि ‘फ्रेट’ म्हणजे मालवाहतूक यांच्या घरचा आहे. दोन्ही शब्दांत ई-आय-जी-एच-टी हेच शेपूट आहे. एकच लिखाण आणि दोन आवाज हे आपल्याला नवे नाही. मराठीत ‘चार’ आणि ‘चाक’ म्हणून पाहा, च वेगवेगळा ऐकू येतो. घरात मराठी बोलणारे मूल हे न शिकवता जाणते.

या घरात ‘हाइट’ म्हणजे उंची हा शब्द पुन्हा अपवाद आहे. स्पेलिंग ‘वेट’सारखे, पण आवाज ‘आइट’. तो ‘हाय’ म्हणजे उंच या शब्दापासून झाला, एवढे लक्षात ठेवले की पुरे. असे टी लावून तयार झालेले आणखी शब्द आहेत. ‘वे’ म्हणजे तोलणे, त्यापासून वेट. ‘फ्लाय’ म्हणजे उडणे, त्यापासून फ्लाइट. ‘सी’ म्हणजे पाहणे, त्याच्याशी जोडलेला साइट.

जी-एच कुठे लिहायचे नाही?

शेवटी ‘आइट’ ऐकू आले की प्रत्येक वेळी जी-एच लिहायचे, असेही नाही. ‘काइट’ म्हणजे पतंग, ‘व्हाइट’ म्हणजे पांढरा, ‘बाइट’ म्हणजे चावणे, यांच्या शेवटी आय-टी-ई आहे. या शब्दांत तो घशातला आवाज कधीच नव्हता, म्हणून जी-एचही नाहीत. ‘पोलाइट’, ‘इन्व्हाइट’, ‘युनाइट’ हे शब्द लॅटिनकडून आले. त्यांच्यातही तो आवाज नव्हता. एक शब्द मात्र फसवा आहे: ‘डिलाइट’ म्हणजे आनंद. तो फ्रेंचमधून आला, पूर्वी त्यात जी-एच नव्हते. ‘लाइट’ या शब्दाच्या नादाने लोकांनी १६व्या शतकात त्यात ते घातले आणि तेच टिकले. म्हणजे त्या काळच्या शिकलेल्या इंग्रजांचीही स्पेलिंगमध्ये गल्लत होत होती!

सारखे ऐकू येणारे हे शब्द परीक्षेत जास्त चुकतात, ते एकत्र पाहून ठेवा.

साइट: दृष्टी असेल तर जी-एच. बांधकामाची जागा किंवा वेबसाइट असेल तर एस-आय-टी-ई.

राइट: बरोबर किंवा उजवा असेल तर जी-एच. लिहिणे असेल तर डब्ल्यू-आर-आय-टी-ई. धार्मिक विधी असेल तर आर-आय-टी-ई.

नाइट: रात्र असेल तर एन-पासून सुरू. जुन्या काळचा घोडेस्वार सरदार असेल तर पुढे के. हा के-सुद्धा एकेकाळी बोलला जात असे. डास पळवणाऱ्या एका प्रसिद्ध वस्तूच्या पाकिटावर हाच के-वाला ‘नाइट’ छापलेला असतो. तो शब्दांचा खेळ आहे. ते पाहून निबंधात ‘गुड नाइट’ लिहू नका.

मोठ्या वर्गांसाठी आणखी एक. नाटककार म्हणजे ‘प्लेराइट’. यातला शेवटचा भाग डब्ल्यू-आर-आय-जी-एच-टी असा आहे. त्याचा अर्थ घडवणारा, कारागीर. सन १९०३ मध्ये विमान उडवणाऱ्या राइट बंधूंचे आडनावही हेच. नाटककार नाटक ‘घडवतो’, हे लक्षात ठेवले की स्पेलिंग चुकत नाही.

फळ्यावरचा एक खेळ

सन २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये जॉश वॉर्डल याने ‘वर्डल’ नावाचे शब्दकोडे लोकांसाठी खुले केले. जानेवारी २०२२ मध्ये ते न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतले. पाच अक्षरांचा गुप्त शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. प्रत्येक प्रयत्नानंतर आपण लिहिलेल्या शब्दातली कोणती अक्षरे गुप्त शब्दात आहेत ते कळते. हा खेळ फळ्यावर खडूनेही तितकाच छान खेळता येतो, मोबाइल लागत नाही.

समजा गुप्त शब्द आपल्या कुटुंबातला आहे आणि शेवटची चार अक्षरे कळली आहेत. आता एकेक शब्द म्हणून पाहिला तर आठवा प्रयत्नही लागू शकतो आणि सहा प्रयत्नांत डाव हातचा जातो. त्याऐवजी पहिला प्रयत्न ‘लर्न’ हा करा: एल-ई-ए-आर-एन. यात एल, ई, आर, एन ही चारही पहिली अक्षरे एकदम तपासली जातात. त्यांपैकी एखादे निघाले तर शब्द सापडला. एकही निघाले नाही तर फाइट, माइट, साइट आणि टाइट हे चारच उरले. मग ‘फिल्म्स’ लिहा: एफ-आय-एल-एम-एस. एफ, एम किंवा एस निघाले तर उत्तर मिळाले. तिन्ही नाही निघाली तर शब्द ‘टाइट’च. म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात उत्तर पक्के. गणिताच्या शिक्षकांनीही हा खेळ वर्गात जरूर घ्यावा. शक्यता एकेक करून खोडण्यापेक्षा अर्ध्या-अर्ध्या कमी कशा करायच्या, हे त्यातून सहज समजते.

पालकांसाठी

आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण माझ्यासारखेच हिंदी माध्यमात झाले आहे. ‘आम्हाला उच्चार येत नाहीत, मुलाला कसे शिकवणार?’ असे पालक विचारतात. शब्दांच्या कुटुंबासाठी उच्चाराची अडचण येत नाही. एवढेच करावे:

१. एका कोऱ्या पुठ्ठ्यावर आय-जी-एच-टी लिहावे. लहान चौकोनी तुकड्यांवर ई, एफ, एल, एम, एन, आर, एस, टी लिहावे.
२. मुलाने एकेक तुकडा पुढे ठेवून शब्द वाचावा आणि अर्थ मराठीत सांगावा. आजी-आजोबाही हे ऐकू शकतात.
३. आपण अर्थ सांगावा, जसे ‘घट्ट’ किंवा ‘उजेड’, आणि मुलाने न पाहता स्पेलिंग लिहावे. शेपूट बरोबर आहे की नाही, हे पुठ्ठ्याशी ताडून पाहता येते.
४. आठ शब्द पक्के झाल्यावरच सहा अक्षरांच्या भावंडांकडे जावे: ब्राइट, फ्लाइट, फ्राइट, प्लाइट, स्लाइट आणि के-वाला नाइट. शेपूट तेच, पुढे दोन अक्षरे.

दिवसाला दहा मिनिटे पुरेत. एका आठवड्यात एकच कुटुंब घ्यावे. चूक झाली तर रागावू नये. ‘तू ऐकलेस तसे लिहिलेस, आता डोळ्यांनी पाहा,’ एवढे म्हणावे.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. इंग्रजीचे तास वाढवावेत, अशी मागणी पालक सभेत होते आणि त्यामागची काळजी खरी आहे. पण तास वाढले आणि घोकंपट्टी तीच राहिली तर फळ मिळणार नाही. प्राथमिक वर्गांना अक्षरांच्या पुठ्ठ्यांचे संच आणि प्रत्येक वर्गाला एक चांगला इंग्रजी-मराठी शब्दकोश मिळाला, तर थोड्या खर्चात मोठे काम होईल.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी काम आता देतो. शेवटी ओ-यू-एन-डी असलेले पाच अक्षरांचे शब्द शोधा. सगळी २६ अक्षरे पुढे लावून पाहा. किती सापडले, त्यांपैकी कोणाचा उच्चार वेगळा होतो आणि प्रत्येकाचा मराठी अर्थ काय, हे वहीत लिहून वर्गशिक्षकांना दाखवा. शब्दकोश पाहायला पूर्ण मोकळीक आहे.

आपला,
प्राचार्य